बारा लूमांच्या वरचं वाचन

आमच्या टेमघरच्या घराखाली कापड विणणारे बारा लूम चालत. लग्न होऊन आले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं, घरातली सगळी माणसं माझ्यावर रागावलेली आहेत. चहा घेतेस का, हेसुद्धा ओरडून विचारत. पाचव्या दिवशी मीही ओरडून उत्तर दिलं आणि माझा संसार सुरू झाला.

लूमचा आवाज सांगून कळत नाही. बारा लूम एका तालात चालत नाहीत. प्रत्येकाचा धोटा आपापल्या वेळेला इकडून तिकडे आपटतो, त्यामुळे वर राहणाऱ्याला तो नुसता गोंगाट वाटतो. पण वर्षभर राहिलं की कान त्यातला एक लूम निवडतो. माझ्या कानाने आमच्या खाटेच्या बरोबर खालचा निवडला होता. बाकीचे अकरा मग भिंतीसारखे होऊन जातात.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा मी तिला गोष्टी सांगायला घेतल्या. माझी आई मला सांगायची, म्हणून. लूमवर गोष्ट चालत नाही, हे आठवडाभरात कळलं. "एक होता राजा" एवढं पोचायचं. "त्याला होत्या दोन राण्या" यातल्या राण्या पोचायच्या, "दोन" बुडायचं. मग तिचं "किती?" मग "कोण?" मग "काय?" दहा मिनिटांत गोष्ट बाजूला राहायची आणि आम्ही दोघी एकमेकींना काय-काय करत बसायचो.

कविता मात्र चालली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. निजामपुऱ्यात लूमचा पट्टा आणायला गेले होते, तिथे रद्दीच्या ढिगावर मुलांच्या कवितांचं एक पुस्तक पडलेलं दिसलं. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं गेलेली. कोणी लिहिलंय ते मला आजवर माहीत नाही. घरी आणलं, पोरीला मांडीवर घेतलं, तिची पाठ माझ्या छातीला टेकवली आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

कावळ्याने काढलं दुकान,
विकायला ठेवलं एकच पान.
चिमणी म्हणाली, "केवढ्याला?"
कावळा म्हणाला, "तेवढ्याला."
चिमणी म्हणाली, "तेवढं किती?"
कावळा म्हणाला, "मोजायची भीती!"

तिने एकदाही "काय?" विचारलं नाही. मला आधी वाटलं, तिला काही ऐकूच आलं नाही. मग ती मागे वळून म्हणाली, "परत."

का चाललं, ते मी नंतर विचार करून शोधलं. ओळीतला मधला शब्द आवाजात बुडाला तरी शेवटचा जोरात पडतो. तो शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या टोकाला आपल्यासारखा आणखी एक ओढून आणतो. पोरीला अर्धं ऐकू आलं तरी उरलेलं ती स्वतः भरून काढायची. आणि जे कानाने ऐकू यायचं नाही ते तिच्या पाठीला माझ्या छातीतून कळत असावं. खाटेखालचा लूम ठेका द्यायला होताच.

संध्याकाळी साडेसहाला मी कांडी मशीनवरून उठत असे. धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत भरायचं, ते माझं दिवसभराचं काम. उठून हात धुवायचे, चहा प्यायचा, आणि स्वयंपाकाला लागेपर्यंत पाऊण तास पुस्तक. चार-पाच वर्षं यात खंड पडला नाही. सगळ्या कविता आम्हाला पाठ झाल्या, तरी पुस्तक समोर लागायचंच. ते नसलं तर ती म्हणायची, "हे वाचणं नाही, हे सांगणं आहे."

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. त्या समोर बसून भाजी निवडत आणि ऐकत नसल्याचं दाखवत. त्याच कावळ्याच्या दुकानात पुढे खार येते आणि फाटलेली पिशवी शिवून मागते. कावळा म्हणतो, "सुई नाही." खार म्हणते, "चोच तर आहे!" असं छापलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"चुकीचं वाचतंस गो तू."

"जसं लिहिलंय तसं वाचते, आई."

"न्हाय म्हण नि हाय म्हण. बघ कसा बसतो ता."

म्हणून पाहिलं. सुई न्हाय, चोच तर हाय! चपखल बसलं. मुलगी टाळ्या पिटायला लागली. मी पेन्सिलने पुस्तकात दुरुस्ती केली.

"लिवणारा बरा हाय," सासूबाईंनी निकाल दिला, "पन आपल्याकरचा न्हाय."

एकदा मी "मोजायची" म्हणून थांबले होते आणि पुढचा शब्द मुलीसाठी राखून ठेवला होता. तेवढ्यात लाइट गेली. बारा लूम एका क्षणात बंद पडले आणि त्या शांततेत पोरीने बेंबीच्या देठापासून ठोकलं, "भीती!" खालून कारागिरांचा हशा ऐकू आला. त्यातला एक जुना, वीस वर्षं आमच्याकडे असलेला, जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "भाभी, डरो मत, फेज गया है. पाँच मिनट में आ जाएगा."

"हम नहीं डरे, कौवा डरा," मी वरून सांगितलं.

"कौवा? वो काहे को?"

मग त्याला अख्खी कविता हिंदीत सांगावी लागली. ती हिंदीत जुळत नव्हती, पण तो भला माणूस हसला.

शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी मी पुस्तक काढलं की मुलगी कुरकुर करायची. "आज मजा नाही." आवाज मात्र आम्ही शुक्रवारीही तेवढाच लावायचो. कमी करायचा असतो, हे कोणाच्या डोक्यात येणार? शेजारीही तसेच बोलत, दुकानदारही तसाच, शाळेतल्या बाईसुद्धा, कारण शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच दुसऱ्या कोणाचे तरी लूम होते.

मला त्या पाऊण तासात काय मिळत होतं, ते सरळ सांगते. दिवसभर माझ्या तोंडून निघणारं सगळं बोलणं कामाचं असे. सूत आलं का, तार तुटली, पाणी भरून ठेवा, गॅस संपत आलाय. तेवढा पाऊण तास मी बिनकामाचं बोलत होते, आणि ते कोणीतरी जीव कानात गोळा करून ऐकत होतं. यमकाचा शब्द जवळ आला की पोरीचं अंग ताठ व्हायचं. शब्द तिला माहीत असायचा, शंभरदा ऐकलेला असायचा, तरी तो पडेपर्यंत ती श्वास धरून बसायची. मी मुद्दाम उशीर करायचे. ती माझ्या गुडघ्यावर चापटी मारायची. मग शब्द पडायचा आणि तिचं अंग सैल होऊन माझ्यावर रेलायचं. हे सगळं मला माझ्या छातीवर कळायचं. असं दुसरं काही माझ्या वाट्याला नंतर आलेलं नाही.

ती तिसरीत असताना तिच्या शाळेने ठाण्यातल्या एका शाळेत कवितावाचनाच्या स्पर्धेसाठी तिचं नाव दिलं. कावळ्याचं दुकान घ्यायचं ठरलं. पंधरा दिवस आम्ही तयारी केली. मी शिकवलं ते असं: आवाज पोटातून काढायचा, शेवटचा शब्द सोडायचा नाही, आणि गोंगाट वाढला तर आपण आणखी वर जायचं. आमच्या घरात बोलण्याचा नियमच तो होता.

त्या शाळेचा हॉल मोठा होता आणि त्यात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. एवढी माणसं एका जागी बसून गप्प आहेत, हे तिने आणि मीही तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं असेल. तिच्या आधीची मुलगी हातवारे करत, हसत, अगदी हळू आवाजात म्हणून गेली. मला वाटलं, बिचारीचा घसा बसलाय.

मग आमची उभी राहिली. माईक तोंडाशी होता. तिने "कावळ्याने" म्हटल्याबरोबर माईकने किंकाळी फोडली. दुसरं कुठलंही मूल थांबलं असतं. आमचीला वाटलं, एखादी मशीन सुरू झाली. शिकवल्याप्रमाणे ती आणखी वर गेली. प्रत्येक ओळीला पाय आपटून ठेका धरत तिने पान विकायला ठेवलं, चिमणी आणली, भाव विचारला. पहिल्या रांगेतली मुलं हसायला लागली, मग मागची. हसणं वाढलं तसा तिने आवाज वाढवला.

परीक्षक बाई चांगल्या होत्या. त्या उठल्या, माईक बाजूला केला, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, हळू म्हण. आम्ही इथेच आहोत सगळे. ऐकू येतंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेतून हाताने खूण केली, हळू.

तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. हळू आवाजात ती कविता तिला येतच नव्हती.

परतताना रिक्षा कशेळीच्या पुलावर अडकून पडली होती. तिने विचारलं, "आई, आपल्याला माहीत नव्हतं?"

"काय?"

"की लोक हळू वाचतात."

"आता कळलं ना," मी म्हणाले.

घरी येऊन तिने बूट काढले, जागेवर ठेवले आणि सांगितलं, "मी आता मनात वाचणार."

"बरं," मी म्हणाले आणि कुकर लावला.

त्यानंतर आम्ही वाचलं नाही. ती मनात वाचायला लागली आणि भरपूर वाचायला लागली. अभ्यासात वर आली, इंजिनियर झाली, नोकरीला लागली, स्वतःच्या पसंतीने लग्न करून ठाण्याला अकराव्या मजल्यावर राहायला गेली. माझं त्यात काही बिघडलं नाही. साडेसहाचा पाऊण तास कांडीतच जायला लागला. मी तिला पुन्हा कधी "चल, वाचू" म्हटलं नाही. मुलीने स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. तिच्या मागे लागून तिला त्या हॉलची आठवण करून देणं मला बरं वाटेना. पण ती दहावीला होती तेव्हाही, कॉलेजात होती तेव्हाही, साडेसहा वाजले की माझं लक्ष खाटेकडे जायचं. मला ती वेळ परत हवी होती. अजूनही हवी आहे. पोरगी लहान हवी होती असं नाही. लहान पोरांची कामं मी पुष्कळ केलीत, त्याची हौस फिटली. मला फक्त तिला वाचून दाखवायचं होतं.

सासूबाई गेल्या. मग लूमही गेले. जुने लूम चालवणं परवडेना, तेव्हा भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि तीन दिवसांत खालची जागा मोकळी झाली. आता तिथे एकाने खोके ठेवलेत, काल्हेरच्या गोदामांत जाणारे. खोके आवाज करत नाहीत. घर इतकं शांत झालंय की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकते.

नात चार वर्षांची झाली. मी दर रविवारी ठाण्याला जाते. मुलगी तिला रात्री चित्रांची इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवते, दवाखान्यात नंबर पुकारतात त्याहूनही हळू आवाजात. पोरगी ऐकत झोपते. माझ्या बोलण्याला मात्र दर रविवारी दोनदा तरी अडवणूक होते. "आई, हळू. आई, समोरच्या घरात ऐकू जातंय."

म्हणून मी ठरवलं, हळू वाचायला शिकायचं. वय पन्नाशीच्या पुढे असलं म्हणून काय झालं, मोबाइलवर टायपिंग शिकले तशी हेही शिकेन. पुस्तक काढलं, स्वयंपाकघरात उभी राहिले आणि हळू आवाजात सुरुवात केली. दुसऱ्या ओळीलाच अडखळले. पुस्तक हातात असून अडखळले. ओळ कुठे टेकवायची तेच कळेना. पायाखालून ठेका गेला होता. महिनाभर रोज बसले. शेजारीण दारातून डोकावली.

"कोनाशी कुजबुजताव, वहिनी?"

"कोणाशी न्हाय. वाचतेय."

"मग घाबरल्यासारक्या कशाला वाचताव?"

तरी महिन्याने जमलं. त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी पुस्तक पिशवीतून काढलं, नातीला मांडीवर घेतलं, तिची पाठ छातीला टेकवली आणि शिकलेल्या आवाजात कावळ्याचं दुकान उघडलं. चार ओळी झाल्या. नातीने मान वर करून माझ्या कपाळाला हात लावला.

"आजी, तू आजारी आहेस?"

"नाही गं."

"मग अशी का बोलतेस?"

ती मांडीवरून उतरली आणि आपली गाडी शोधायला गेली. मुलगी भांड्यांचा ओला हात घेऊन दारात उभी होती. हसत होती.

"काय हे वाचणं, आई!"

"हळू वाचतेय. तूच म्हणतेस ना हळू."

"बोलणं हळू म्हणते मी. ही कविता हळू वाचायची असते का कधी?"

मला राग आला. महिनाभराची मेहनत होती. "तूच बंद केलंस," मी म्हणाले. "मनात वाचणार म्हणालीस."

तिला ते कुठलं, हे आठवायला थोडा वेळ लागला. मग तिने हात पुसले.

"मी आठ वर्षांची होते, आई."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन जिन्यात बसले होते. साडेसहाला. तू कांडीवरून उठलीच नाहीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण. मला वाटलं, मी तिथे तुझी लाज घालवली म्हणून तू बंद केलंस."

"मला वाटलं, तुला नको आहे."

"एकदा विचारायचंस."

"तू एकदा म्हणायचंस."

"मी आठ वर्षांची होते," ती पुन्हा म्हणाली.

कांडी मशीनवरून जिना समोर दिसायचा. ती बसली असेल तर मला दिसली असणारच. मी आठवायचा प्रयत्न केला, करते आहे, पण त्या संध्याकाळची पोरगी मला कुठेच दिसत नाही. सूत दिसतं. तेव्हा हिरवं सूत चाललं होतं, ते दिसतं.

आत तिचा फोन वाजायला लागला. रविवार असूनही ऑफिसचा कॉल होता. जाता जाता तिने बाल्कनीचं काचेचं दार सरकवून घट्ट लावलं. "वाच आता नीट," ती म्हणाली. "समोरच्यांना काय वाटायचं ते वाटू दे."

नातीला मी गाडीसकट परत मांडीवर घेतलं. कावळा मिटून ठेवला. तो हिचा नव्हता. पुढचं पान काढलं आणि पोटातून आवाज लावला.

छत्री म्हणाली काठीला,
"कोण गं तुझ्या पाठीला?"
काठी म्हणाली, "म्हातारा,
दमला की टेकतो बिचारा!"

पोरगी पहिल्या ओळीला दचकली. दुसरीला वळून माझ्या तोंडात बघायला लागली, एवढा आवाज नेमका कुठून येतोय ते पाहायला. चौथ्या ओळीनंतर म्हणाली, "आजी बरी झाली." मग तिने स्वतः ओरडून पाहिलं. "बिचारा!" तिला तो आवडला. आम्ही छत्री-काठी चारदा वाचली. तिचं अंग ताठ होत होतं, सैल पडत होतं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण माझं लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडे होतं, आणि मी जेवढा आवाज लावत होते तेवढा मांडीवरच्या मुलाला लागत नाही.

अर्ध्या तासाने मुलगी बाहेर आली. इअरफोन गळ्यात लटकत होते. नात तोवर कंटाळून गाडी फरशीवर फिरवायला लागली होती.

मी विचारलं, "तुला वाचू का?"

"मला?" ती म्हणाली. "आत्ता?"

"आत्ताच. मला पाचला निघायचंय."

तिने नातीकडे पाहिलं, ओट्यावर राहिलेल्या भांड्यांकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीला टेकून खाली बसली, पाय दुमडून, माझ्यापासून चांगली चार हात लांब. तेहतीस वर्षांची बाई आणखी कुठे बसणार? मी पान मागे उलटून कावळ्याचं दुकान काढलं. एवढ्या लांबच्या माणसाला वाचून दाखवायचं तर आवाज लावावाच लागतो. मी लावला.